फेअरवे बारीक कापलेला असला की माझा बॉल खालून का जातो?

पन्नाशीतला_नवशिक्या

मंडळी, वय ५३, गोल्फला सव्वादोन वर्षं झाली. मूळ नाशिकचा. आमच्या लहानपणी ‘गोल्फ क्लब’ म्हणजे रणजीचे सामने आणि पहाटे फिरायला येणारे आजोबा. त्या मैदानावर गोल्फ खेळणारा माणूस मी काही कधी पाहिला नाही. तेव्हा बाळकडू वगैरे शून्य. जे शिकलो ते पुण्यात येऊन, सरावाच्या रेंजवर मॅटवरून, गुडघे कुरकुरायला लागल्यावर.

आमचं नेहमीचं मैदान नऊ होलचं, गावाबाहेर. फेअरवे (मधली कापलेली पट्टी) कुठे संपतो आणि रफ (कडेचं वाढलेलं गवत) कुठे सुरू होतो हे तिथे फक्त कॅडींना माहीत. गवत साधारण बोटाच्या पेराएवढं. बॉल त्यात अर्धा रुतून बसतो, आणि मला त्याची सवय झाली आहे.

मागच्या शनिवारी ऑफिसच्या स्पर्धेसाठी एका मोठ्या अठरा होलच्या कोर्सवर गेलो. गवत इतकं बारीक आणि दाट की बूट काढून चालावंसं वाटलं. मनात म्हटलं, आज आपला दिवस. पहिला ड्राइव्ह बरा गेला. मग सात नंबरचा क्लब घेतला. घरी माझा सात नंबर १४० यार्ड जातो: उंच उडतो, पडतो आणि वर दहा-पंधरा यार्ड पळतो. इथे बॉल निघाला तोच खालून. वाटलं टॉप झाला, म्हणजे क्लब बॉलच्या डोक्याला लागला. पण पुढे जाऊन तो वर चढला, १२८ यार्डांवर ‘थप्प’ करून पडला आणि तिथेच थांबला. लेझरने मोजलंय, अंदाज नाही. दिवसभरात असे चार-पाच झाले.

हे चांगले म्हणायचे. बाकीच्यांची कथा वेगळी. तीनदा बॉलच्या आधी जमीन लागली, हाताला झिणझिण्या. आणि ग्रीनजवळ (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) तर विचारू नका. ५६ डिग्रीचा वेज (जास्त तिरपा क्लब) घेऊन चिप (छोटा फटका) केली, बॉल ग्रीनवरून सरपटत पलीकडे. पलीकडून केली, तो पुन्हा अलीकडे. त्या एका पार चारवर (चार फटक्यांत संपवायच्या होलवर) मी ११ घेतले. शेवटी कॅडी म्हणाला, “साहेब, इथं बॉलच्या खाली हवा नाय.”

मला त्या हवेबद्दल विचारायचं आहे. गवताच्या उंचीने बॉलचं उडणं खरंच बदलतं की हा माझ्या मनाचा खेळ? माझे तिघे जोडीदार म्हणतात चांगल्या फेअरवेवरून खेळणं सोपं असतं. मग मलाच ते अवघड का गेलं? आणि एका दुकानदाराने सांगितलंय की तुमच्या वेजचा बाउन्स (क्लबच्या तळव्याचा उतार) १४ डिग्री आहे, तो बदलून कमी बाउन्सचा घ्या, सगळं सुटेल. सांगितलेल्या किमतीत आमच्या घरी महिन्याचा किराणा येतो, म्हणून आधी इथे विचारतोय.

बोगीबहाद्दर

११ म्हणजे काहीच नाही, मी एकदा १४ घेतलेत आणि त्यातला एक पाण्यातून काढून. वेज घेऊ नका. किराणा भरा.

हरळीवाले_काका

राहुरीहून बीएस्सी अॅग्री केलं आणि त्यानंतर २६ वर्षं गोल्फ कोर्सचं गवत सांभाळलं, त्यातली सहा आखातात. आता निवृत्त. स्वतःही खेळतो, पण हॅंडिकॅप विचारू नये.

तुमच्या कॅडीचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. माझ्या जुन्या मालकांनी परदेशातून बोलावलेल्या सल्लागाराने हीच गोष्ट चाळीस पानांत सांगितली होती.

आधी गवताची ओळख करून घ्या. कोर्सवाले ज्याला बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. माझ्या वडिलांनी ती उसाच्या सरीतून उपटताना कंबर मोडून घेतली, आणि मी तीच लावायचा पगार घेतला. हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मोठ्या कोर्सवर असते ती बहुतेक वेळा संकरित असते. त्यातली टिफवे ४१९ सर्वांत प्रसिद्ध. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी तयार झाली, १९६० साली बाहेर आली. तिला बी धरत नाही, कांड्या लावाव्या लागतात. पान बारीक, पेरं जवळजवळ, त्यामुळे १२ मिलिमीटरवर कापली तरी खालची माती दिसत नाही. साधी हरळी तेवढी खाली आणलीत तर नुसत्या काड्या उरतील.

म्हणून नुसती कापणीची उंची सांगून भागत नाही, दाटी सांगावी लागते. दाट गवताच्या १२ मिलिमीटरवर बॉल पानांच्या टोकांवर बसतो, ब्रशच्या केसांवर गोटी ठेवावी तसा. विरळ गवताच्या १२ मिलिमीटरवर तो पानं बाजूला सारून मातीला टेकतो. दोन्ही फेअरवे लांबून सारखेच हिरवे दिसतात. मी खिशात व्हिजिटिंग कार्ड ठेवायचो आणि ते बॉलखाली सरकवून बघायचो. तुमच्या घरच्या मैदानावर बॉल मऊ गवतात तरंगत असेल, तिथे कार्ड आडवं आत जाईल. त्या मोठ्या कोर्सवर कोपरासुद्धा मुश्किलीने गेला असता.

आता तुमच्या १४० आणि १२८ कडे येऊ. तुम्हाला वाटतंय १४० चा फटका चांगला आणि १२८ चा बिघडलेला. उलटं आहे. पेरभर गवतात बॉल अर्धा रुतलेला असतो तेव्हा त्याच्या मागे उभी असलेली पानं क्लबचा फेस (बॉलला लागणारी बाजू) आणि बॉल यांच्यामध्ये चिरडली जातात. पानात पाणी असतं, त्याचा रस होतो, आणि फेस बॉलला पकडत नाही. बॉल फेसवरून वर घसरतो. म्हणून तो निघतानाच उंच निघतो, फिरकी कमी घेतो, आणि जमिनीवर पडला की थांबायचं नाव घेत नाही. याला फ्लायर म्हणतात. तुम्ही दोन वर्षं फ्लायर मारताय आणि त्यालाच आपलं अंतर समजताय.

बारीक दाट गवतावर मध्ये काही येत नाही. धातू थेट बॉलच्या कवचाला भिडतो, घर्षण पुरेपूर मिळतं, त्यामुळे बॉल खालून निघतो आणि उलटी फिरकी जोरात घेतो. ती फिरकीच त्याला पुढे वर उचलते. तुम्ही लिहिलंय ना, ‘खालून निघाला, मग चढला’, तेच हे. अमेरिकन टूरवरच्या खेळाडूंचा सात नंबर सरासरी १६ डिग्रीच्या आसपास निघतो, मिनिटाला ७००० च्या घरात फिरतो आणि पडताना ५० डिग्रीच्या कोनात खाली येतो. इतक्या उभा पडणारा बॉल पळणार कुठे? तुमचे आकडे याच्या जवळपास नसतील, रागावू नका, पण चाल तीच आहे.

क्लबच्या फेसवरच्या खोबणी याच गवतासाठी असतात. कोरड्या, स्वच्छ लायवर (बॉल बसतो ती जागा) त्यांचा फारसा संबंध येत नाही. टायरच्या नक्षीसारखं आहे ते, पाणी आणि चिखल बाहेर काढायला. चौकोनी धारदार खोबणींमुळे मोठे खेळाडू रफमधूनही बॉल थांबवायला लागले आणि फेअरवेवर बॉल ठेवण्याची किंमतच कमी झाली. म्हणून २०१० पासून मोठ्या स्पर्धांसाठी खोबणींचे नियम कडक झाले. ओल्या फेसवर वेजची फिरकी निम्म्यावर येऊ शकते. पावसाळ्यात टॉवेल कोरडा ठेवा, नवा वेज घेण्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

कापणीची दिशाही बघा. सिलिंडर मोअरचा (गवत कापायच्या यंत्राचा) रोलर पान वाकवत जातो, म्हणून गडद-फिके पट्टे दिसतात. अमेरिकेत ऑगस्टाच्या कोर्सवर मास्टर्स स्पर्धेच्या वेळी सगळा फेअरवे ग्रीनकडून टीकडे (होल सुरू होतो त्या जागेकडे) कापतात, म्हणजे पानांची टोकं खेळाडूकडे वळलेली. ड्राइव्ह पळायचा तेवढा पळत नाही आणि पुढच्या फटक्याला क्लबची कड पानांत अडकते. टीव्हीवर हे कुणाला दिसत नाही, आणि सोमवारी कमिटी आम्हाला विचारते, आपलं मैदान असं का नाही?

असं का नाही ते सांगतो. एका वेळी पानाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. १२ वर ठेवायचं असेल तर गवत १८ व्हायच्या आत मोअर फिरला पाहिजे. जुलैत पुण्याला आठ-आठ दिवस ऊन नाही. हरळीला सावली सोसत नाही, ती उंच-लुकडी होते आणि खालची पानं झडतात. त्यात काळी माती ओली, मोअर आत घातला की चाकोऱ्या उठतात. मग चार दिवस थांबायचं, तोवर गवत गुडघ्याकडे निघालं. पाचव्या दिवशी घाईने खाली आणलं की पांढऱ्या काड्या वर, आणि कमिटीची मीटिंग. एका ठिकाणी मला एका सदस्याने फोनवर ऑगस्टाचा फोटो दाखवून विचारलं होतं, “हा रंग कधी येणार?” मी म्हटलं, साहेब, आधी पाऊस थांबू द्या.

अजून बरंच आहे, पण बोटं दुखायला लागली. अवघड का गेलं त्याचं उत्तर कुणीतरी द्या.

कंपासपेटी

काकांनी निम्मं काम केलंय, उरलेलं निम्मं भूमितीचं आहे म्हणून मी घेते. मी डाय-मोल्ड डिझाइन करते, चिंचवडला. गोल्फ फक्त रविवारी सकाळी, मुलगा क्लासला असतो तेव्हा.

बॉलचा व्यास नियमाने किमान ४२.६७ मिलिमीटर. म्हणजे त्रिज्या २१.३. बॉल कडक जमिनीवर ठेवलाय असं धरा. फेस सरळ उभा असता तर तो बॉलला बरोबर मध्यावर, २१.३ वर भिडला असता. पण फेस मागे कललेला असतो, म्हणून जितका हा कल, म्हणजे लॉफ्ट, जास्त तितका स्पर्शाचा पहिला बिंदू खाली सरकतो. सात नंबर ३४ डिग्रीचा धरला तर तो बिंदू जमिनीपासून ९.४ मिलिमीटरवर येतो. आणि तुमच्या ५६ च्या वेजचा? ३.६ मिलिमीटर. दोन एक रुपयाची नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढं.

म्हणजे बारीक फेअरवेवर वेज सरळ खेळायचा तर क्लबची कड साडेतीन मिलिमीटरच्या फटीतून बॉलखाली गेली पाहिजे. कड तेवढी खाली गेली नाही तर ती बॉलच्या पोटात बसते, आणि बॉल ग्रीनवरून पलीकडे. तुमचं पिंगपाँग हेच होतं. घरच्या मैदानावर गवताने बॉल दहा मिलिमीटर जरी उचलून धरला असेल, तरी तीच फट साडेतेरा होते. जवळजवळ चौपट! तुम्ही घरी जी चिप ‘बरी’ म्हणून मोजता, तिच्यातली दहा मिलिमीटरची चूक गवत गपचूप पोटात घालत होतं. मी स्वतः हे पहिल्यांदा कागदावर काढलं तेव्हा पेन्सिल खाली ठेवून थोडा वेळ नुसती बसले होते.

आता काकांच्या फ्लायरशी हे जोडून बघा. सात नंबरचा स्पर्शबिंदू ९.४ वर. बॉल दाट १२ मिलिमीटरच्या गवतावर बसलेला असेल तर सगळा स्पर्श पानांच्या टोकांच्या वर होतो, मध्ये काही नाही. बॉल २५ मिलिमीटर गवतात मातीपर्यंत रुतला असेल तर पानांची टोकं बॉलच्या मध्यापेक्षाही वर. गवताला चुकवून फेस बॉलपर्यंत पोचूच शकत नाही. त्यामुळे लांब गवत तुम्हाला दोन गोष्टी एकाच वेळी करतं: चुका झाकतं आणि फिरकी खातं. बारीक गवत दोन्ही परत करतं.

ज्यांचा क्लब आधी बॉलला आणि मग जमिनीला लागतो त्यांना म्हणून बारीक फेअरवे सोपा वाटतो. तुमचे तिघे जोडीदार बहुधा त्यातले, किंवा तसं सांगणारे. आणि हो, मोठे खेळाडू वेज मारताना दांडा पुढे झुकवतात ते उगाच नाही. लॉफ्ट ५६ चा ४५ झाला की स्पर्शबिंदू ३.६ वरून ६.२ वर येतो. फट दीडपटीहून जास्त.

मॅटची सवय सोडा. मॅटवर बॉलच्या दोन इंच मागे मारलं तरी क्लब रबरावरून घसरत बॉलला पोचतो आणि आवाजसुद्धा छान येतो. गवताच्या टीवर जा, रांगोळीची एक सरळ रेघ ओढा, बॉल न ठेवता रेघेवर स्विंग करा. डिव्हट (क्लबने पडलेला खळगा) रेघेच्या पुढे सुरू झाला तर ठीक. मागे सुरू झाला तर तेवढ्या इंचांची उधारी तुम्ही दोन वर्षं गवताकडून घेताय.

वेजबद्दल: दुकानदार अर्धवट बरोबर आहे. १४ बाउन्स कडक जमिनीवर आपटून उसळतो. पण तुमचा मूळ दोष मागे जमीन लागण्याचा आहे, आणि कमी बाउन्सचा वेज मागे लागला तर सरळ रुततो. आजार बदलेल, जाणार नाही.

बोगीबहाद्दर

माझ्या कोचचं मत वेगळं आहे हं. तो म्हणतो बाउन्स हा मित्र आहे, बारीक लायवरही १२-१४ चालतो, दांडा फार पुढे झुकवू नका, क्लबचा तळवा जमिनीवर घसरू द्या. कड पुढे घातली तर आपल्याकडच्या हरळीत ती खचकन अडकते, विशेषतः पानांची टोकं आपल्याकडे असतील तर. कंपासपेटीताईंची भूमिती बरोबर, पण भूमितीत हरळीला दिशा नसते.

कंपासपेटी

मान्य. कागदावर गवत काढायचं मी विसरले.

डंडीकर

आडनाव वेगळं आहे, पण चौदा वर्षं स्कॉटलंडमधल्या डंडीत राहतोय, म्हणून इथल्या मराठी मंडळींनी ठेवलेलं नाव. कार्नूस्टी इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत, सेंट अँड्र्यूज नदीपलीकडे. दोन्हीकडचे सार्वजनिक कोर्स आहेत, पैसे भरून कुणीही खेळतं. रविवारी सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स खेळायला बंद असतो आणि गावातले लोक फेअरवेवर कुत्री फिरवतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला नाशिकवाल्यांच्या मैदानासारखंच वाटलं होतं.

इथलं गवत हरळी नाही, फेस्क्यू आणि बेंट. पान तारेसारखं, खाली वाळू. मशीन यायच्या आधी मेंढ्या आणि ससे कापायचे. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढलं, ते कोर्सवर नीट रुळायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे ज्या खेळाला आपण बारीक कापलेल्या हिरवळीचा खेळ समजतो तो मुळात मेंढ्यांनी कुरतडलेल्या वाळूवर वाढला. आणि कुरतडलेलं गवत बारीकच असतं, एवढं की बॉल मातीवर ठेवल्यासारखा दिसतो.

इथे आल्यावर माझी पहिली सहा महिने तुमच्यासारखीच गत होती. पुण्यातून आणलेला लॉब वेज काढायचो, बॉल बर्नमध्ये (इथल्या ओढ्यात). एका म्हाताऱ्या स्कॉटिश जोडीदाराने तीन होल बघितलं आणि चौथ्याला माझ्या बॅगेतला पुटर (ग्रीनवर बॉल ढकलायचा सपाट क्लब) काढून हातात दिला. बॉल ग्रीनपासून पंचवीस यार्ड बाहेर. मला लाज वाटली, पण मारला. चार फुटांवर थांबला.

बारीक गवत ग्रीनभोवती असतं तेव्हा अवघडपणाचं रूपच बदलतं. लांब गवत असेल तर एकच फटका: वेज उघडा, जोरात मारा, देव आठवा. बारीक असेल तर बॉल ग्रीनवरून घसरून आणखी लांब जातो हे खरं, पण तिथून चार रस्ते असतात. पुटर, आठ नंबरची ढकल, हायब्रिड, वेज. डोकं लागतं. २०२२ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत ओल्ड कोर्सवर शेवटच्या दिवशी सतराव्या होलला कॅमेरॉन स्मिथचा बॉल रोड बंकर नावाच्या वाळूच्या खड्ड्याच्या अलीकडे राहिला. बंकरच्या पलीकडे होल. त्याने पुटर घेतला आणि बंकरच्या कडेकडेने उतारावरून बॉल फिरवून ग्रीनवर नेला. दहा फुटांच्या आसपास पार पुट उरला, तो घातला, अठराव्याला बर्डी (पारपेक्षा एक कमी) केली, ६४ मारले आणि एका फटक्याने जिंकला. तिथे पेरभर गवत असतं तर पुटर काढताच आला नसता.

हरळीवरही हे चालतं. अमेरिकेत पाइनहर्स्ट नंबर दोन या कोर्सवर, कोर्स आखणारे बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी २०१०-११ मध्ये रफच काढून टाकला. २०१४ च्या यूएस ओपनमध्ये मार्टिन कायमर तिथे ग्रीनच्या बाहेरून सारखा पुटर वापरत होता. आठ फटक्यांनी जिंकला.

एक गंमत. तुम्ही मॅटवरून गवतावर गेलात आणि फसलात. आम्ही हिवाळ्यात गवतावरून मॅटवर जातो. नोव्हेंबर ते मार्च गवत वाढत नाही, डिव्हट भरून येत नाहीत, म्हणून फेअरवेवरचा बॉल उचलून वहीएवढ्या मॅटच्या तुकड्यावर ठेवून मारायचा. ती मॅट दोरीने बॅगेला लटकवून, बोटं गारठलेली, माणसं दोन मैल चालतात. मार्चअखेर सगळ्यांचे फटके सुधारलेले वाटतात. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी पुन्हा सगळे जमीन खणतात.

हरळीवाले_काका

डंडीकर, पुटरचा सल्ला चांगला, पण आपल्याकडे एक बघावं लागतं. फेस्क्यूला दिशा फारशी नसते, हरळी आडवी पसरते. तिच्या टोकांच्या विरुद्ध पंचवीस यार्ड पुट केला तर पाच यार्ड गवतच खाऊन टाकतं. आधी चमक बघा: गवत फिकं, चकचकीत दिसलं तर टोकं पुढे वळलेली आहेत, पुटर काढा. गडद दिसलं तर टोकं तुमच्याकडे. आठ नंबर घ्या आणि बॉल टोकांवरून उडवून ग्रीनच्या कडेवर टाका.

पन्नाशीतला_नवशिक्या

तीन आठवड्यांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार, विशेषतः किराण्याच्या सल्ल्याबद्दल.

रांगोळी केली. सकाळी साडेसहाला गवताच्या टीवर गुडघे टेकून रेघ ओढत होतो तर वॉचमन येऊन म्हणाला, “साहेब, पूजा आहे का?” बॉल न ठेवता वीस स्विंग. तेरा डिव्हट रेघेच्या मागे, चार रेघेवर, तीन पुढे. जो सर्वांत मागे होता तो मोजला, पावणेतीन इंच. म्हणजे दोन वर्षं मी बॉल मारत नव्हतो, बॉलच्या शेजाऱ्याला मारत होतो.

पुढच्या रविवारी पुन्हा वीस. मागे नऊ. वजन डाव्या पायावर आधीपासून ठेवून केलं तर सहा. काही नवं शिकलो नाही, फक्त उजव्या खांद्याने बॉल वर उचलायचा प्रयत्न सोडला.

मग परवा पुन्हा त्याच मोठ्या कोर्सवर, यावेळी स्वतःच्या पैशाने. तोच कॅडी मागून घेतला. सात नंबर १३० धरूनच खेळलो, त्यामुळे ग्रीनवर तीनदा बॉल थांबला, आणि थांबल्यावर मागे अर्धा फूट आला सुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा. मी कॅडीकडे बघितलं, तो पुढच्या टीकडे बघत होता. चिपिंगला ५६ बॅगेतच ठेवला. गवत गडद दिसलं तिथे आठ नंबर, चकचकीत तिथे पुटर. एकदा काकांचं उलटं वाचलं आणि बॉल मध्येच मेला, पण पिंगपाँग नाही. ११ वाल्या होलला ६.

आता शेवटचा प्रश्न काकांना. आमच्या नऊ होलवाल्या मैदानाची कमिटी माझ्या ओळखीची आहे. फेअरवे १२ मिलिमीटरवर आणा असा अर्ज करू का? बारा-चौदा जण सही करतील.

हरळीवाले_काका

करू नका. तुमच्याकडे साधी हरळी असणार, त्यात लव्हाळा मिसळलेला. १२ वर आणली तर दिवाळीपर्यंत माती दिसेल आणि अर्जावरच्या पहिल्या सहीवाल्याला शिव्या बसतील.

अर्ज करायचाच तर असा करा. पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी, आधी २५ वर आणा. दहा दिवसांनी २२. मग २० वर थांबा. आठवड्यातून दोनदा मोअर फिरला पाहिजे, एकदा नाही, हे अर्जात पहिल्या ओळीत लिहा. मोअरचं पातं वर्तमानपत्राचा कागद धरून तपासा, कागद फाटत असेल तर गवतही फाटतंय, टोकं पांढरी पडतील. डिसेंबरात रात्री गारठा आला की हरळीची वाढ मंदावते, तेव्हा उंची आणखी कमी करू नका, कितीही मोह झाला तरी. एवढं दोन वर्षं टिकलं की पुढचं बोलू. तेव्हा मला बोलवा, कार्ड घेऊन येतो.